बुरुज पडला होता, शालूताई

शालूताई,

तुझ्याबद्दल लोक जे बोलतात ते मी इथं लिहिणार नाही. झरी जामणीच्या उपकेंद्रात तू नर्स म्हणून किती वर्षं काढलीस, नाल्याला पूर असताना पलीकडच्या पोडावर, कोलामांच्या वस्तीवर, बाळंतिणीसाठी कशी गेलीस, तिथल्या बायका तुला काय म्हणून हाक मारायच्या, हे सांगणारी माणसं पुष्कळ आहेत आणि ती माझ्यापेक्षा चांगलं सांगतात. माझ्याकडं सांगायला आहे तो एक व्हिडिओ गेम. हसलीस ना? हस. पण पूर्ण ऐक. हे तुझ्यासमोर बसून बोलायचं होतं. तशी वेळ तूच मला आणून दिली होतीस आणि मी ती घालवली, तेही यात येणार आहे.

तुला सगळं पाठ आहे, तरी मी पहिल्यापासून सांगतो. मधूनच सुरुवात केली तर मी पुन्हा सोयीचं तेवढंच सांगेन. मी मला चांगला ओळखतो.

आर्णीच्या बसस्टँडमागं मिलिंददादाचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. पुढं पाठ उघडी करून ठेवलेले टीव्ही आणि मागच्या खोलीत दोन रंगीत टीव्ही, त्यांना जोडलेले दोन व्हिडिओ गेम. तासावर खेळायला मिळायचं. दादा तुझा सख्खा भाऊ, पण त्या खोलीत तो सगळ्या पोरांचा दादा होता आणि तू सगळ्यांची ताई. तो खेड्यावर कुणाचा टीव्ही दुरुस्त करायला गेला की दुकान तू सांभाळायचीस. तू बारावीला होतीस आणि मी आठवीत.

तिथल्या कॅसेटांमध्ये एकीचं लेबल पार निघून गेलेलं होतं. खरं नाव कुणालाच माहीत नव्हतं. आम्ही तिला बुरुज म्हणायचो. कमरेला दोर बांधलेला एक माणूस, आठ किल्ले, आणि आठव्या किल्ल्याच्या बुरुजावर बसलेला एक लोखंडी राक्षस. त्याला मारल्यावर पुढं काय होतं हे आर्णीत कुणी पाहिलेलं नव्हतं, कारण तोवर त्याला कुणी मारलंच नव्हतं. पोरं आळशी होती असं नाही. खेळ मधे जपून ठेवायची सोय त्या कॅसेटमध्ये नव्हती. पहिल्या किल्ल्यापासून आठव्यापर्यंत एका बैठकीत जायचं, त्याला दोन तास लागायचे, आणि लाइन सलग दोन तास राहील याची शपथ कुणी घेतली नसती. लोडशेडिंगचं वेळापत्रक दादानं स्विचबोर्डाशेजारी चिकटवलं होतं खरं, पण लाइन त्या कागदाला विचारून जायची नाही.

गेम संपवला असं कधी म्हणायचं, यावर त्या खोलीत जेवढी भांडणं झाली तेवढी ग्रामपंचायतीतही झाली नसतील. अवघड ठिकाणी रिमोट मित्राच्या हातात दिला तर तो गेम कुणाचा? मधे थांबवून घरी जेवून आलं तर चालेल का? तिसऱ्या किल्ल्यात विहिरीमागं एक चोरदार होतं, त्यात शिरलं की माणूस थेट सहाव्या किल्ल्यात निघायचा. तसा जो जाईल त्याचं धरायचं की नाही? रोज कुणीतरी दादाचं डोकं खायचं. शेवटी तो हातातलं सोल्डर खाली ठेवून वैतागला.

“हे मले नका विचारू बाप्पा. ज्यानं गेम संपोला त्यानं एक साक्षीदार आनावा. साक्षीदारानं म्हटलं का मी पाह्यलं, तं शालू भिंतीवर नाव लिहीन. नाही म्हटलं तं नाही. बस झालं.”

त्या दिवसापासून तो कायदा झाला. खोलीच्या पिवळ्या भिंतीवर तू निळ्या ऑइलपेंटनं नावं लिहायचीस, तुझं अक्षर चांगलं म्हणून. प्रत्येक गेमसमोर कुणा ना कुणाचं नाव होतं. ‘बुरुज’ लिहून पुढं जागा मोकळी होती, आणि त्या मोकळ्या जागेवर माझा डोळा होता. मी सातव्या किल्ल्यापर्यंत पोचलो होतो आणि शाळेत माझा सगळा रुबाब तेवढ्यावर चालायचा. तू खेळतेस हे मला माहीतच नव्हतं. दुपारी दुकान रिकामं असताना तू एकटी बसत असशील असं मनातसुद्धा आलं नव्हतं. तुझं काम दुकान सांभाळायचं आणि आमची नावं लिहायचं, असं मी धरून चाललो होतो.

त्या शनिवारी सकाळची शाळा होती. सुटल्यावर दप्तर पाठीवर तसंच घेऊन मी दुकानात आलो. दादा जवळा गावाला गेलेला. मागच्या खोलीचा पडदा सारला तर तू पाटावर मांडी घालून बसलेली, ओढणी कमरेला खोचलेली, आणि टीव्हीवर आठवा किल्ला.

“ताई, हे तू खेळून राह्यली?”

“मंग कोन, माहा आजा?” तू मागं न पाहता म्हणालीस. “बस. बोलू नको.”

“चोरदारातून आली?”

“पहिल्यापासून. कवाची बसली हाय. आता चूप.”

मी बसलो. आम्ही पोरं बटणं अशी दाबायचो की रिमोट कण्हायचा. तू बोटं नुसती टेकवत होतीस. राक्षस हात आपटायचा तेव्हा तू एक पाऊल मागं असायचीस, आणि तो हात उचलायचा तेव्हा दोर टाकून वर गेलेली असायचीस. कुठंही घाई नव्हती. तुझा एकच जीव उरला होता आणि तरी तू घाई करत नव्हतीस. मला तुझं कौतुक वाटायला हवं होतं. मला काय वाटत होतं ते आज लिहितो. मी मनात म्हणत होतो, मर. मर एकदाची. हा शब्द लिहिताना माझा हात थांबला. पण मी तेच म्हणत होतो, ताई.

तू मेली नाहीस. राक्षस गुडघ्यावर आला, वरून दगड सुटायला लागले, आधी एक, मग पाच-दहा, आणि सगळा बुरुज डावीकडून खचत खाली आला. धूळ उडाली. त्या धुळीतून तो दोरवाला माणूस चालत बाहेर आला आणि आपल्याकडं तोंड करून उभा राहिला. हे सगळं मी पाहिलं. माझे डोळे चांगले होते आणि मी टीव्हीपासून दोन हातांवर बसलेलो होतो. मग पंख्याचा आवाज मंदावला आणि टीव्ही विझला. लाइन गेली.

तू माझा दंड धरलास. तुझा हात घामानं ओला झाला होता.

“पाह्यलं नं पव्या? पडला नं बुरुज? पाह्यलं नं तू?”

मी म्हणालो, “लाइन गेली न, ताई.”

एवढंच म्हणालो. ते खोटं नव्हतं, म्हणून मला ते फार शहाणपणाचं वाटलं. खरोखरचं खोटं पुढं तासाभरानं बोललो, दादा परत आल्यावर. तोवर आमची चार-पाच पोरंही जमली होती. तू भराभर सगळं सांगितलंस, दगड कसे सुटले, धूळ कशी उडाली, आणि दादा हसत माझ्याकडं वळला.

“काय बे साक्षीदार? पाह्यलं का?”

“राक्षस होता तोवर पाह्यलं,” मी म्हणालो. “मंग लाइन गेली. बुरुज पडला का नाही मले नाही दिसलं.” कुणी काही बोलायच्या आत मी पुढं जोडलं, “अन् अक्षरं तं आलीच नाही. अक्षरं आल्याबिगर संपला कसा म्हनाचा?”

पोरांना ते पटलं. अक्षरांची अट त्याआधी कधी कुणी घातली नव्हती, मी ती त्याच क्षणी तयार केली होती. पण सगळे माना हलवायला लागले, हो ना, अक्षरं आली पाहिजेत. माझ्या ‘नाही’ला एवढं वजन कुठून आलं हेही लिहून टाकतो. आमचं घर पाटलांच्या गल्लीत, बाबांना गावात मान. तुम्ही विहाराजवळ राहायचात, आणि त्यात तू पोरगी. तुझ्या ‘पडला’पेक्षा माझं ‘दिसलं नाही’ त्या पोरांना पुरलं. तेव्हा मला हे कळत नव्हतं असं म्हणायची सोय आहे, पण ते खरं नाही. कुणाचं ऐकलं जाईल हे त्या वयातल्या पोराला पक्कं माहीत असतं, आणि मी त्याचाच आधार घेतला.

दादानं पोरांकडं पाहिलं. मग म्हणाला, “शालू, साक्षीदार हो म्हनत नाही, मी काय करू? तू घरची हायेस, तुह्यासाठी तं अजून पक्कं पाह्यजे.”

तू माझ्याकडं पाहिलंस. रागावली असतीस तर मला बरं वाटलं असतं. तू नुसतं नीट पाहिलंस, आणि म्हणालीस, “जाऊ दे. पुन्हा खेळीन.”

तू पुन्हा बसलीस. मला माहीत आहे तेवढं दोनदा. दोन्ही वेळा लाइन पाचव्या किल्ल्यातच गेली. मग बारावीचा अभ्यास आला, परीक्षा आली, आणि उन्हाळा संपता संपता तू नर्सिंगला यवतमाळला गेलीस.

पण त्याआधी मी बुरुज संपवला. तोही चोरदारातून. तिसऱ्या किल्ल्यात विहिरीमागं शिरलो, सहाव्यात निघालो, आणि लाइन त्या दिवशी कशी कोण जाणे टिकून राहिली. दादा बाहेर होता आणि खोलीत तूच तेवढी होतीस. दगड सुटले, बुरुज डावीकडून खचला, धूळ उडाली, माणूस बाहेर आला. मी ते दुसऱ्यांदा पाहत होतो. तू शेजारी बसलेली असताना मला तोंडावर आश्चर्य आणावं लागलं. मग इंग्रजी अक्षरांच्या दोन ओळी आल्या, तू त्या मोठ्यानं वाचल्यास, आणि खेळ पुन्हा पहिल्या किल्ल्यापासून सुरू झाला, फक्त सगळे शत्रू दुप्पट वेगानं.

संध्याकाळी पोरं जमली आणि त्यांनी लगेच वाद काढला. पव्या तर चोरदारातून गेला, मग त्याचं कसं धरायचं? आणि गेम पुन्हा सुरू झाला म्हणजे तो संपला तरी कुठं? मी खाली मान घालून बसलो होतो. आता तुझ्या हातात होतं. तू एक शब्द बोलली असतीस तर माझा बुरुज तिथंच गेला असता, आणि तसं करायचा तुला पुरा हक्क होता.

“दार कॅसेटमंदीच हाय,” तू म्हणालीस. “पव्यानं काही घरून नाही आनलं. अन् पुन्हा सुरू झाला तं काय झालं? उन्हाळा बी पुन्हा येते. याचा संपला. मी पाह्यलं.”

मी पाह्यलं. माझ्याकडून तुला हवे होते ते दोनच शब्द, आणि तू ते मला असे देऊन टाकलेस. वर पेंटाचा डबा उघडून, स्टुलावर चढून माझं नाव लिहिलंस. ‘पवन’ लिहून झाल्यावर ब्रश हातात धरून तू खाली माझ्याकडं पाहिलंस आणि विचारलंस, “पहिला, असं लिहू नं?”

मी म्हणालो, लिही.

ती भिंत आता नाही. दादानं दुकान मोबाइल दुरुस्तीचं केलं तेव्हा सगळं पांढरं करून घेतलं. पण तू ते पुसलं नाहीस. जिथं जाशील तिथं तू माझी ओळख तशीच करून द्यायचीस. माझ्या लग्नात स्टेजवर येऊन तू माझ्या बायकोला सांगितलंस, “थोडाथोडका नवरा नाही भेटला तुले, आर्णीचा पहिला हाय हा.” सगळे हसले, मीही हसलो. माझी नेरच्या बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक म्हणून नेमणूक झाली तेव्हा तू फोनवर म्हणालीस, आता माइकवर बोल, सगळी गावं आयकतीन. सोहम जन्मला आणि त्याला कावीळ झाली, तेव्हा झरीहून तीन गाड्या बदलून तू नेरला आलीस आणि डॉक्टरला काय विचारायचं ते मला एका कागदावर लिहून दिलंस. तुझं ते सुरेख अक्षर. तो कागद हातात धरून मी दवाखान्याच्या बाकावर तुझ्याशेजारी बसलो होतो आणि मनात आलं होतं, आता सांगावं. मग वाटलं, पोरगं आजारी असताना हे काय काढायचं. माझ्याकडं नेहमी एक चांगलं कारण असायचं.

तुझे उपकार मोजत बसलो तर हे लिहिणं तुझ्या चांगुलपणाचं होईल आणि माझी सुटका होईल. म्हणून थांबतो.

अलीकडच्या दोन-तीन वर्षांत आपलं जे भांडण चालायचं ते मात्र लिहायलाच हवं. बुरुज मला इंटरनेटवर सापडला. त्याचं खरं नाव कळलं, ते मी तुला कळवलं, तू म्हणालीस, राहू दे, बुरुजच बरा. मी तो फोनमध्ये घेतला आणि सोहमला दिला. त्यात कुठंही थांबून खेळ जपून ठेवता येतो, मेलं की तिथूनच पुढं. सोहमनं एका रविवारी आठही किल्ले पार केले. मी कौतुकानं तुला फोन केला तर तू उखडलीस.

“दर पावलाले जपून ठेवलं तं मराचं भ्याव कुठं राह्यलं? त्याले संपोलं नाही म्हनत.”

“ताई, बुरुज पडला, अक्षरं आली, अजून काय पाहिजे?”

“मंग तूच सांग. संपोला कधी म्हनाचं?”

इथं आलं की मी विषय बदलायचो. उसाचा रस कुठला चांगला, दारव्ह्याचा रस्ता कधी होणार, काहीही. कारण तो प्रश्न एकाच शनिवारी जाऊन थांबणार होता. एकदा तू म्हणालीस, “मले वाटते, आपल्याले माहीत असलं म्हंजे झालं. साक्षीदार कायले लागते?” आणि मी तावातावानं वाद घातला की असं कसं, उद्या कुणीही उठून म्हणेल, पुरावा नको का? तुझ्या बाजूनं बोललो असतो तर तुझा बुरुज पडला होता हे ओघानंच आलं असतं. म्हणून मी पुराव्याच्या बाजूनं बोलत राहिलो. ते भांडण तसंच अर्धं राहिलं.

मग तू आजारी पडलीस, दुखणं वाढलं आणि तू दादाकडं आर्णीला आलीस. मी सोहमला घेऊन भेटायला आलो ती दुपार. अंगणात उन्हाला बाज टाकलेली, तू डोक्याला स्कार्फ बांधून उशीला टेकून बसलेली, पुढं ताटलीत बोरं. इतकी बारीक झाली होतीस की मी आधी तुझ्या हातांकडंच पाहिलं. तू सोहमला जवळ बसवलंस.

“तुहा बाप आर्णीतला पहिला हाय, मालूम हाय का?”

“मालूम हाय आत्या. बाबा सगळ्याइले सांगते.”

तू हसलीस. खोकलीस. पाणी प्यालीस. मग माझ्याकडं वळून हळू आवाजात म्हणालीस, “पव्या, एक विचारू? खरं सांगजो. त्या दिवशी बुरुज पडला होता नं? मले पक्कं दिसलं होतं. पन आता आपल्याच डोयावर भरोसा नाही राह्यला. कधी वाटते पडला, कधी वाटते मीच मनानं पाडला.”

तुझ्या आवाजात तक्रार नव्हती. माझी चूक काढायची नव्हती तुला. तुला फक्त स्वतःची एक आठवण खरी आहे की नाही हे तपासून हवं होतं, आणि ते तपासून देणारा जगात मी एकटा होतो. पडला होता, मी पाहिलं, एवढं बोलायचं होतं. सोहम तुझ्या बाजेवर बसून माझ्याकडं पाहत होता. आर्णीतल्या पहिल्याचा मुलगा. मी पस्तिशी उलटलेला माणूस, वरच्या साहेबांशी भांडू शकतो, प्रवाशांच्या शिव्या खाऊ शकतो, आणि दहा वर्षांच्या पोरासमोर एक जुनं खोटं कबूल करायची माझी छाती झाली नाही.

“लय वर्सं झाली ताई,” मी म्हणालो. “ध्यानात नाही.”

“बरं,” तू म्हणालीस. मग सोहमला विचारलंस, “बोरं खातो का?”

लहानपणीचं खोटं मी एक वेळ लहानपणावर ढकलीन. हे कुणावर ढकलू?

त्यानंतर पंधरा दिवस माझ्याकडं होते. दुसऱ्याच दिवशी ड्यूटीवर दोन गाड्यांच्या मधे फोन काढला, तुझा नंबर लावणार, तेवढ्यात यवतमाळची गाडी फलाटाला लागली म्हणून खिशात ठेवला. गाड्या रोजच लागतात, ताई. एकदा लिहून पाठवायचं म्हणून बसलो, तीन ओळी लिहिल्या आणि खोडल्या, कारण आजारी माणसाला एकदम असं कसं पाठवायचं. पुन्हा चांगलं कारण. मग दादाचा फोन आला.

परवा तुझं पुण्यानुमोदन झालं. विहारासमोर मांडव घातला होता, पुढं तुझा फोटो, नर्सच्या गणवेशातला. वंदना झाली आणि मग एकेक जण माइकवर येऊन तुझ्याबद्दल बोलू लागला. पोडावरून आलेली एक बाई बोलता बोलता रडायला लागली आणि आपल्या पोराला पुढं करून म्हणाली, हा पाहा, हा तिच्या हातावर झाला. मी उठलो. सोहम पहिल्या रांगेत सतरंजीवर बसला होता. मी त्याला मुद्दाम आणलं होतं.

माइकची मला सवय आहे. तरी तो दोन्ही हातांनी धरावा लागला. पण सगळं सांगितलं. शनिवार सांगितला, दगड कुठून सुटले ते सांगितलं, दादानं विचारलं तेव्हा मी काय म्हणालो ते सांगितलं. म्हणालो, आर्णीत बुरुज पहिल्यांदा शालूताईनं संपवला, पहिल्या किल्ल्यापासून, एका बैठकीत. मी पाहिलं होतं आणि मी नाही म्हणालो होतो. मी पहिला नाही. म्हणालो आणि खाली मान घालून उभा राहिलो. कुणी उठून दोन शब्द सुनावेल असं वाटत होतं. खरं सांगायचं तर त्याचीच वाट पाहत होतो.

दादा उठला आणि त्यानं मला मिठी मारली. रडत म्हणाला, “पव्या, लय मोठं मन हाय तुहं. शालूसाठी तू आपलं नाव खोडलं.”

“दादा, मन मोठं नाही. हे खरं हाय.”

“हो रे हो,” तो माझ्या पाठीवर थोपटत म्हणाला. तुझे यजमान डोळे पुसत म्हणाले, तिले आयकून किती बरं वाटलं असतं. त्या खोलीतला आपला एक जण, आता टक्कल पडलेला, चहा घेताना मला कोपरानं ढोसून म्हणाला, “मस्त बोलला बे. पन पहिला तं तूच.” मी दोघातिघांना पुन्हा सांगून पाहिलं. ते जास्तच कौतुकानं पाहायला लागले. खोटं बोललो तेव्हा एका वाक्यात सगळ्यांना पटलं होतं. खरं बोललो तर लोकांना ते तुझ्यासाठी केलेलं दान वाटलं. मी गप्प बसून जेवलो.

परतताना गाडीवर सोहम मागं होता. दारव्ह्याच्या अलीकडं तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, “बाबा, तुमी आत्यासाठी खोटं बोलले नं? लय चांगलं केलं.”

मी गाडी एका तुरीच्या शेताशी थांबवली. उतरलो. त्याला समोर उभं केलं आणि म्हणालो, “सोहम, आज मी खरं बोललो. खोटं पहिले बोललो होतो. बुरुज आत्यानं पाडला होता, मी डोळ्यांनी पाह्यला.”

त्यानं थोडा विचार केला. सगळ्या मांडवात जे कुणाला सुचलं नव्हतं ते त्यानं विचारलं.

“मंग आत्यानं विचारलं तवा काहून नाही सांगतलं? तवा तं आत्या होती.”

“तू बसला होता म्हणून,” मी म्हणालो. “तुह्यासमोर लाज वाटली.”

मी गाडी सुरू केली आणि तो मागं बसला. ताई, एरवी तो माझ्या कमरेला मिठी मारून बसतो. नेर येईपर्यंत त्यानं मागच्या कडीला धरलं होतं.